प्रवाह जाताना ढकलतो, येताना अडवतो. मग जाण्यायेण्याचा हिशोब बरोबरीत का सुटत नाही?

लालबागकरीण

मी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सध्या दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू आहेत आणि त्यात नाव-प्रवाहाची शाब्दिक उदाहरणं आलीच. संथ पाण्यातील नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा वेग य. प्रवाहाच्या दिशेने क्ष + य, विरुद्ध दिशेने क्ष − य. एवढं पाठ असलं की मुलं गुण मिळवतात.

पण एका मुलीने मला थांबवलं. तिचं म्हणणं असं: "टीचर, जाताना जेवढा वेग वाढतो तेवढाच येताना कमी होतो. मग जाऊन-येऊन लागणारा वेळ संथ पाण्याइतकाच हवा ना?" मी फळ्यावर आकडे मांडले. नाव ताशी १२ किमी, प्रवाह ताशी ३ किमी, अंतर १० किमी. संथ पाण्यात जाऊन-येऊन १०० मिनिटं. प्रवाहात जाताना १५ च्या वेगाने ४० मिनिटं, येताना ९ च्या वेगाने ६६ मिनिटं ४० सेकंद. एकूण १०६ मिनिटं ४० सेकंद. तिला उत्तर पटलं, कारण पटलं नाही. आणि कारण न पटता ती पुढे जायला तयार नाही, हे मला फार आवडलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, बीजगणित न वापरता हे कारण कसं सांगाल? दोन, आमच्या मुलांनी वाहती नदी फारशी पाहिलेली नाही. त्यांना ठाऊक आहे तो भाऊचा धक्का, गेटवे, गोराईची खाडी. तिथे पाणी सहा तास आत येतं आणि सहा तास बाहेर जातं. पुस्तकातला नियम तिथे कसा लावायचा? होड्यांशी प्रत्यक्ष संबंध असलेल्यांनी जरूर लिहावं.

गिरगावकर

मला तर त्या मुलीचं बरोबर वाटतंय. अर्धा तास प्रवाहाबरोबर गेलात आणि अर्धा तास विरुद्ध, तर कापलेलं अंतर संथ पाण्याइतकंच होणार. १५ चे अर्धे साडेसात, ९ चे अर्धे साडेचार, बेरीज १२. बरोबर १२ च्या वेगाचं तासाभराचं अंतर. यात प्रवाहाने काय खाल्लं?

अणुरेणू

गिरगावकर, तुमची बेरीज अचूक आहे आणि त्यातच उत्तर आहे. तुम्ही *वेळ* सारखा वाटलात, अर्धा-अर्धा तास. उदाहरणातल्या नावेला मात्र *अंतर* सारखं आहे. तुमच्या हिशोबात नाव साडेसात किमी गेली आणि साडेचार किमी परत आली. म्हणजे घरी पोहोचलीच नाही, अजून तीन किमी पाण्यात आहे.

लालबागकरीण ताई, त्या मुलीला एवढंच सांगा. मदत करणाऱ्या प्रवाहात नाव ४० मिनिटं होती आणि अडवणाऱ्या प्रवाहात जवळजवळ ६७ मिनिटं. मदत आणि अडवणूक दोन्हींचा जोर सारखाच, ताशी ३ किमी. पण अडवणारा प्रवाह जास्त वेळ सोसावा लागला, कारण तो अडवतो म्हणूनच नाव तिथून लवकर सुटत नाही. जो प्रवाह वेळ वाचवतो, त्यात आपण कमी वेळ असतो. जो वेळ खातो, त्यात जास्त वेळ असतो. बरोबरी व्हायला जागाच उरत नाही.

बँकपरीक्षार्थी

परीक्षेसाठी सोपी युक्ती: सरासरी वेग = (प्रवाहाबरोबरचा वेग × विरुद्ध वेग) ÷ संथ पाण्यातील वेग. इथे १५ × ९ ÷ १२ = ११.२५. २० किमीला भाग द्या, १०६ मिनिटं ४० सेकंद आलेच. पेपरात याहून जास्त वेळ द्यायला परवडत नाही.

प्राची_पार्ले

मी मुलांना नेहमी टोकाचं उदाहरण देते. प्रवाह वाढवत न्या. ताशी ६ केला तर जाताना ३३ मिनिटं २० सेकंद, येताना १०० मिनिटं. एकूण १३३ मिनिटं २० सेकंद. आता प्रवाह १२ चा करा, नावेच्याच वेगाइतका. जाताना २४ च्या वेगाने पंचवीस मिनिटांत पोहोचाल. परत कधी याल? कधीच नाही. इंजिन चालू, नाव जागच्या जागी. हे ऐकल्यावर "दोन्ही बाजू सारख्या" म्हणणारं मूल आपणच गप्प होतं आणि मग विचार करू लागतं.

बारकाईने पाहिलं तर फरक ठरतो तो प्रवाह आणि नाव यांच्या वेगांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. ३ आणि १२ चं गुणोत्तर पाव, त्याचा वर्ग एक सोळांश, म्हणून वेळ १६/१५ पट. गुणोत्तर अर्धं झालं की वर्ग पाव आणि वेळ ४/३ पट. प्रवाह दुप्पट केला तर जादा वेळ ६ मिनिटं ४० सेकंदांवरून थेट ३३ मिनिटं २० सेकंदांवर गेला, म्हणजे पाचपट. मुलांना हे आकडे स्वतः काढू द्या.

उरणकर

एक मुद्दा सगळेच विसरताय. विरुद्ध प्रवाहात पाणी समोरून आदळतं. इंजिनावर भार जास्त येतो, म्हणून नावेचा स्वतःचा वेगही कमी होतो. नुसतं १२ वजा ३ करून कसं चालेल? संध्याकाळी उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला येताना लाँच किती आपटते, ते रोज जाणाऱ्याला विचारा.

अणुरेणू

उरणकर, नाव सुटी असेल तर तिला प्रवाह "लागत" नाही, कारण तीही त्याच पाण्यासोबत वाहत असते. चालत्या लोकलच्या डब्यात मोटरमनच्या बाजूला चाला नाहीतर गार्डच्या बाजूला, पायांना कष्ट सारखेच. बाहेरच्या फलाटावरून पाहणाऱ्याला मात्र तुमचे दोन वेगळे वेग दिसतील. इंजिन पाण्याला ढकलतं, पाणी नावेला रोखतं, हा सगळा व्यवहार नाव आणि पाणी यांच्यातला आहे. किनारा त्यात येतच नाही. गॅलिलिओने १६३२ साली हेच मांडलं होतं. जहाज शांत पाण्यातून एकसारख्या वेगाने चाललं असेल, तर आतल्या बंद खोलीत कुठलाही प्रयोग करून ते उभं आहे की चालतंय हे कळणार नाही.

उरणकर

बंद खोलीत नसेल कळत. लाँचच्या फळीवर बसलेल्याला कळतं. :)

वेसावकर

दोघंही खरं बोलताय, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. मी वेसाव्याचा, घरची होडी आहे, म्हणून लिहितो.

करंट होडीला आपटत नाही. होडी आपटते ती लाटांवर. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. त्याच वेळी ओहोटी लागली असेल तर बंदरातलं पाणी बाहेर जातं आणि वारा आत येतो. दोघांची गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा आणि पाणी एकाच दिशेला असतील तर तोच वारा सौम्य वाटतो. उरणकर दादांना लागणारे धक्के त्या लाटांचे.

करंटचा खरा भार कधी कळतो? नांगर टाकल्यावर. होडी जमिनीला बांधली गेली की मग पाणी तिला धरून ओढतं, नांगराचा दोर ताणतो. दोर सोडा, भार गेला. तांडेल, म्हणजे होडी चालवणारी मंडळी, पूर्वीपासून हे हाताने ओळखतात.

आणि आमची डोल तर याच ओढीवर चालते. डोल म्हणजे मोठं शंकूसारखं जाळं, समुद्राच्या तळाला रोवलेल्या आधारांना बांधलेलं. जाळं जागचं हलत नाही. तोंड भरतीच्या किंवा ओहोटीच्या करंटकडे, आणि पाणीच बोंबील, जवळा, करंदी घेऊन आत येतं. ट्रॉलर जाळं ओढत पाण्यातून जातो, डोलीत पाणी जाळ्यातून जातं. माशाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. म्हणून डोलीला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी लागते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत करंट मरतो, तेव्हा डोलीत विशेष काही पडत नाही.

लालबागकरीण

वेसावकर दादा, हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. ट्रॉलर आणि डोल ही जोडी सापेक्ष वेगासाठी इतकी नेमकी आहे की पुस्तकात असायला हवी होती. आमच्या वर्गात दोन मुली कोळीवाड्यातल्या आहेत. बोंबील कसे येतात हे त्या इतरांना समजावून देतील.

ठाणेकर

अवांतर: आता अटल सेतू झाला, २१.८ किमी, २०२४ च्या जानेवारीपासून. ना भरती ना ओहोटी. होड्यांची गणितंही पुलावर न्या.

प्राची_पार्ले

ठाणेकर, पुलावर टोल आहे, गणितात तोही धरावा लागेल. :) मंडळी, विषयावर या.

जुना_डॉकवाला

निवृत्त मरीन इंजिनियर. गिरगावकरांच्या पहिल्या हिशोबाकडे परत जातो, कारण आमच्या धंद्यात तोच उपयोगी पडतो.

नव्या किंवा दुरुस्त केलेल्या जहाजाचा वेग तपासताना किनाऱ्यावरच्या दोन खुणांमधलं मोजलेलं अंतर धरतात. एकदा एका दिशेने, मग लगेच उलट दिशेने, इंजिनाचे फेरे तेच ठेवून जहाज नेतात. दोन्ही वेळांची बेरीज करून एकूण अंतराला भागलं तर इथे वर सिद्ध झालेलीच गडबड होते, वेग कमी दिसतो. म्हणून आधी प्रत्येक फेरीचा वेग काढायचा आणि मग *वेगांची* सरासरी घ्यायची. १५ आणि ९ ची सरासरी १२. प्रवाह पूर्ण निघून जातो. बेरीज वेळांची करायची की वेगांची, यावर सगळं अवलंबून आहे.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचा भाग. पहिली फेरी संपून दुसरी सुरू होईपर्यंत भरतीचा जोर बदललेला असतो. यासाठी चार फेऱ्या करतात आणि त्यांना १, ३, ३, १ असं वजन देऊन आठाने भागतात. समजा चार फेऱ्यांचे वेग १३, ९.४, १२.२ आणि १०.२ नॉट आले. साधी सरासरी ११.२ येते. आता १३ + २८.२ + ३६.६ + १०.२ = ८८, भागिले ८, उत्तर ११. मी हे आकडे तयार करतानाच जहाजाचा खरा वेग ११ धरला होता आणि प्रवाह दर फेरीला ०.४ ने उतरवत नेला होता: २, १.६, १.२, ०.८. साध्या सरासरीत प्रवाहाचा ०.२ चा अंश उरला, वजन दिल्यावर नाहीसा झाला. मुलांना करून पाहायला द्या, फार आनंद होतो.

(१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी.)

मुलुंडचा

मग जीपीएस कुठला वेग दाखवतो?

जुना_डॉकवाला

जमिनीच्या सापेक्ष वेग. जहाजावर दुसरं एक यंत्र असतं, लॉग. नेहमीच्या वापरात ते पाण्याच्या सापेक्ष वेग सांगतं. दोन्ही शेजारी ठेवा आणि सरळ प्रवाहात असाल तर वजाबाकी म्हणजे प्रवाह. जुन्या काळी दोरीला बांधलेली लाकडी फळी मागे पाण्यात टाकून किती दोरी सुटली ते मोजत. फळी पाण्यावर तरंगत राहायची, म्हणून तोही पाण्याच्या सापेक्षच वेग.

गणपुले_सर

फळीवरून आठवलं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी जुनं कोडं, मुंबईच्या कपड्यांत.

एक नाव वाशीच्या पुलाखालून प्रवाहाविरुद्ध चालली आहे. बरोबर पुलाखाली नाखव्याची टोपी पाण्यात पडते. पंधरा मिनिटांनी त्याच्या लक्षात येतं. तो लगेच नाव वळवतो आणि टोपी सापडते ती पुलापासून १ किमी खाली. प्रवाहाचा वेग किती? नावेचा वेग दिलेला नाही आणि लागतही नाही.

बँकपरीक्षार्थी

नावेचा वेग दिल्याशिवाय कसं सुटेल? क्ष, य आणि परतीचा वेळ धरून तीन अज्ञात होतात.

प्राची_पार्ले

समीकरण मांडूच नका. पाण्यावर बसून बघा. पाण्याच्या सापेक्ष टोपी स्थिर आहे. नाव तिच्यापासून पंधरा मिनिटं दूर गेली, मग त्याच वेगाने परत आली, म्हणजे परत यायलाही पंधराच मिनिटं. एकूण अर्धा तास. त्या अर्ध्या तासात टोपी पाण्यासोबत १ किमी वाहिली. प्रवाह ताशी २ किमी.

गणपुले_सर

शाबास. उरणकरांच्या शंकेचंही हेच उत्तर आहे. नावेच्या दृष्टीने जाणं आणि येणं सारखंच होतं, फक्त पूल सरकत होता.

उरणकर

पूल सरकत होता, हे मस्त. टोपीचं पटलं. लाटांचं वेसावकरांनी सांगितलं तेही पटलं. पण डिझेल जास्त जातं हे तर खरं ना? बिल काही गॅलिलिओ भरत नाही.

वेसावकर

जातंच. इंजिन तासाला तेवढंच पितं, पण तास जास्त लागतात.

जुना_डॉकवाला

यात एक गोड गणित दडलेलं आहे. जड, संथ नावेला लागणारी शक्ती ढोबळमानाने पाण्याच्या सापेक्ष वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह समोरून ताशी ४ किमी आहे. हळू गेलात तर इंधन तासाला कमी, पण पुढे सरकणंही कमी. जोरात गेलात तर उलट. दर किमी खर्च किती? वेगाचा घन भागिले (वेग वजा ४).

वेग ५: १२५ ÷ १ = १२५.
वेग ६: २१६ ÷ २ = १०८.
वेग ८: ५१२ ÷ ४ = १२८.

सगळ्यात स्वस्त ६, म्हणजे प्रवाहाच्या दीडपट. प्रवाह कितीही असो, या नियमात उत्तर नेहमी दीडपटच येतं. अकरावी-बारावीच्या मुलांना विकलन आलं की पहिलं उदाहरण हेच द्यावं.

वेसावकर

काका, गणित झकास. आमच्याकडे तिसरा मार्ग आहे. करंट समोरून जोरात असेल आणि घाई नसेल तर नांगर टाकायचा, चहा करायचा, पाणी फिरलं की निघायचं. डिझेल शून्य.

पोहणारी

हे सगळं इंजिनवाल्यांसाठी. आम्हा समुद्रात पोहणाऱ्यांना विचारा. पोहणाऱ्याचा वेग ताशी तीन-चार किमी, आणि उधाणाच्या मधल्या तासांत पाणीही साधारण तेवढ्याच वेगाने धावू शकतं. प्राचीताईंचं "इंजिन चालू, नाव जागच्या जागी" आम्ही अंगाने अनुभवलेलं आहे. हात चालू असतात, किनाऱ्यावरचा दिवा हलत नाही. धरमतर ते गेटवे हे ३६ किमीच्या आसपासचं पोहणं. तिथे निघायची वेळ ठरवणं हे अर्धं काम असतं. ओहोटी धरून खाडीबाहेर पडायचं, आणि भरती लागली की तिच्याबरोबर बंदरात शिरायचं. वेळ चुकली तर कितीही दम असो, उपयोग नाही. लाँचला ताशी ३ चा प्रवाह म्हणजे थोडा उशीर, पोहणाऱ्याला तोच प्रवाह म्हणजे भिंत. वर गुणोत्तराच्या वर्गाबद्दल लिहिलंय ते वाचून हे नीट कळलं.

मुलुंडचा

आणि आडवं जायचं असेल तर? वर्सोव्याहून मढला जाताना तरीचं तोंड समोरच्या धक्क्याकडे नसतं, वर वळवलेलं असतं. मला लहानपणापासून प्रश्न आहे की सरळ का नेत नाहीत.

अणुरेणू

सरळ जावं म्हणूनच तोंड वळवतात. समजा खाडी २०० मीटर रुंद, तरीचा वेग सेकंदाला २ मीटर, पाण्याचा सेकंदाला १ मीटर. तोंड नाकासमोर ठेवलं तर १०० सेकंदांत पलीकडे, पण १०० मीटर वाहून जाऊन. धक्का तिथे नाही. तोंड ३० अंश प्रवाहाकडे वळवलं तर वाहणं बरोबर कापलं जातं, आडवा वेग उरतो १.७३ मीटर आणि ११५ सेकंद लागतात. कमीत कमी वेळ हवा तर नाकासमोर, नेमका धक्का हवा तर वळवून. पाणी नावेपेक्षा जलद असेल तर कितीही वळवा, सरळ जाणं शक्य नाही.

जाता जाता: प्रवाहाच्या दिशेने जाऊन येणं आणि तेवढंच आडवं जाऊन येणं, यांच्या वेळांत फरक पडतो. आडव्याला कमी लागतो. प्रकाशाच्या बाबतीत हाच फरक शोधायला मायकेल्सन आणि मोर्ले यांनी १८८७ मध्ये प्रयोग केला. पृथ्वी ईथरमधून (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानत ते माध्यम) जात असेल तर ईथरचा प्रवाह जाणवायला हवा, अशी कल्पना. अपेक्षेएवढा फरक सापडला नाही. ज्या गणितावर दहावीची मुलं कंटाळतात, त्याच गणिताच्या आधारे तो प्रयोग उभा होता.

लालबागकरीण

किती दिलंत सगळ्यांनी! आता खाडीकडे वळूया. वेसावकर दादा, पाणी फिरण्याची वेळ तुम्ही कशी ओळखता? आता मोबाइलवर मिळते, पण पूर्वी?

वेसावकर

तिथीवरून. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो भरती पूर्ण होण्याचा तास, ढोबळमानाने. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या आसपास धरायचं. एकदा दिवसा, एकदा रात्री. रोज पाऊण तास पुढे जाते. ही मुंबईची रीत, दुसऱ्या बंदराला चालेलच असं नाही.

आणि सहाही तास पाणी सारखं धावत नाही. चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २, १. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं, करंट तेव्हा सगळ्यात जोरात. वळणावर थोडा वेळ पाणी उभं राहतं.

गणपुले_सर

पुस्तकातल्या नदीत आणि खाडीत फरक इथे आहे. नदीत जाऊन-येऊन नेहमी तोटाच. खाडीत भरतीबरोबर आत जा आणि ओहोटीबरोबर बाहेर या, दोन्ही वेळा क्ष + य. तिथे प्रवाह असणं हे संथ पाण्यापेक्षा फायद्याचं. कल्याण, ठाणे, पनवेल ही खाडीच्या आतली बंदरं शिडाच्या आणि वल्ह्यांच्या काळात चालली, त्यामागे ही दिवसातून दोनदा मिळणारी फुकट ओढ होती.

लालबागकरीण

यावरून मी मुलांसाठी उदाहरण तयार केलं. सोपं राहावं म्हणून प्रवाह एकसारखा धरलाय.

नावेचा संथ पाण्यातील वेग ताशी १० किमी. सकाळपासून दुपारी १२ पर्यंत भरती, खाडीत आत जाणारा प्रवाह ताशी ३ किमी. १२ वाजता पाणी फिरतं, मग संध्याकाळी सहापर्यंत बाहेर जाणारा प्रवाह ताशी ३ किमी. आतलं गाव २६ किमीवर. तिथे न थांबता परत यायचं. कधी निघावं? आणि एक तास लवकर किंवा एक तास उशिरा निघालं तर काय होईल?

मुलुंडचा

१० ला निघा. १३ च्या वेगाने दोन तास, बरोबर १२ ला गावात. पाणी फिरलं, पुन्हा १३ ने दोन तास. २ वाजता परत. एकूण ४ तास. संथ पाण्यात ५ तास १२ मिनिटं लागले असते.

९ ला निघालं तर ११ ला गावात. परतताना एक तास भरती समोरून, ७ किमी. उरलेले १९ किमी १३ ने. परत १ वाजून २८ मिनिटांनी. एकूण ४ तास २८ मिनिटं.

११ ला निघालं तर १२ पर्यंत १३ किमी. उरलेले १३ किमी ७ ने, १ तास ५१ मिनिटं. मग परत दोन तास. एकूण ४ तास ५१ मिनिटं.

पण हे विचित्र आहे. तास दोन्हीकडे एकच चुकला, तरी लवकर निघाल्यास २८ मिनिटं जादा आणि उशिरा निघाल्यास ५१. मी दोनदा तपासलं.

प्राची_पार्ले

विचित्र नाही, गिरगावकर आणि अणुरेणू यांचा वादच पुन्हा उभा राहिलाय! लवकर निघालेल्याला उलटा प्रवाह *एक तास* सोसायचा आहे. घड्याळात १२ वाजले की सुटका, मग किती का अंतर झालेलं असेना. उशिरा निघालेल्याला उलटा प्रवाह *१३ किमी* सोसायचा आहे. गाव येईपर्यंत सुटका नाही, मग किती का वेळ लागेना. वेळेने बांधलेला तोटा लहान, अंतराने बांधलेला मोठा.

गिरगावकर

म्हणजे माझा अर्धा-अर्धा तास अखेर खाडीत कामी आला. :)

वेसावकर

आमच्यात सांगतात, पाण्याच्या आधी निघ, मागून निघू नकोस. कारण आज आकड्यात पाहिलं.

लालबागकरीण

त्याच मुलीला हे उदाहरण दिलं. तिने अर्धा तास लवकर आणि अर्धा तास उशीर हेही करून पाहिलं. जादा वेळ अनुक्रमे १४ आणि २६ मिनिटं आला. मग तिने मिनिटं पूर्णांकात न आणता अपूर्णांक ठेवले. एका तासाच्या चुकीला जादा वेळ लवकरच्या बाजूला ६/१३ तास, उशिराच्या बाजूला ६/७ तास. अर्ध्या तासाला दोन्ही निम्मे. म्हणजे चूक कितीही मिनिटांची असो, दोन जादा वेळांचं गुणोत्तर ७ : १३. प्रवाहाविरुद्धचा वेग आणि प्रवाहाबरोबरचा वेग. आता ती विचारतेय की २६ किमी बदललं तरी हे टिकेल का. मी तिला तीनच्या गटात बसवून क्ष, य घेऊन सिद्ध करायला सांगितलंय.

अणुरेणू

टिकेल, चूक प्रवासाच्या एका टप्प्यापेक्षा लहान असेल तोवर. जादा वेळ लवकरच्या बाजूला २य/(क्ष + य) पट, उशिराच्या बाजूला २य/(क्ष − य) पट. अंतर दोन्हीकडे गळून पडतं. पण तिला सांगू नका, तिचं तिला काढू द्या.